आतोबा आणि धाकला एल

माझ्या आतोबांनी उभ्या आयुष्यात कुणाचा पक्ष मनापासून घेतला असेल, तर तो ना गावकीचा, ना भावकीचा, ना माझ्या बिचाऱ्या आत्याचा. तो घेतला इंग्रजी लिपीतल्या धाकट्या एलचा. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. आता जिला नवी मुंबई म्हणतात आणि जिथे माणसं आपला पत्ता मजल्यापासून सांगायला सुरुवात करतात, तिथे त्या काळी भातखाचरं होती, मिठागरं होती आणि उरलेल्या जागेत खाडीचा चिखल होता. कोपरखैरण्याच्या अलीकडे आमची आगरी वस्ती होती. त्या वस्तीत इंग्रजी येणारा माणूस एकच, आणि तो एकच असल्यामुळे त्याला ते कितपत येतं हे तपासून बघायची सोय नव्हती. सकाळी आतोबा सायकल मारत ठाण्याला जात, एका वकिलाकडे दिवसभर टायपिंग करत, आणि संध्याकाळी परत येऊन हातपाय धुऊन ओटीवर पोरापोरींना टायपिंग शिकवत. फी विचारली तर म्हणत, "तांदूल दे, मासली दे, नायतर गुपचूप बस आनि शीक." बहुतेक जण गुपचूप बसून शिकत.

मशीन त्यांनी मुंबईत एका बुडालेल्या पेढीच्या लिलावात घेतलं होतं. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. ठाण्याचा वळसा घेऊन एस.टी.च्या टपावरून आणलं तर त्याचे दात पडतील, अशी आतोबांना धास्ती. म्हणून मासळी विकून परत निघालेल्या दिवाळे गावच्या एका होडीतून, आत्याच्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्यांनी ते आणलं. होडीतल्या कोळणींनी लुगडं बघून विचारलं, "दादा, नवरी कंची केलीस?" आतोबा गंभीरपणे म्हणाले, "इंग्लिश हाय." ही बातमी त्यांच्याआधी गावात पोचली आणि आत्या दारात लाटणं घेऊन उभी राहिली, असं माझे वडील सांगत. खरंखोटं देव जाणे. पण त्या प्रवासात मशीनला बोंबलाचा जो वास लागला तो पुढे प्रत्येक पावसाळ्यात नव्याने उमले. गावचे अर्ज आतोबाच टाइप करत. आमच्या गावचा अर्ज आला की ठाण्याचे कारकून तो न वाचता ओळखत.

कॅपिटल अक्षरांवर त्यांचा मनस्वी राग. "कॅपिटल म्हंजे खोत," ते म्हणत. "ओलीच्या तोंडाला टोपी घालून बसनार. काम सगलं मागच्या धाकल्यांनी करायचं." म्हणून ते घरच्या मशीनवर कॅपिटल वापरतच नसत. वकिलाकडे वापरत, कारण तिथे पगार होता, आणि तत्त्वाला पगाराच्या वेळात सुट्टी असते. एकदा गावाला विहीर मंजूर व्हावी म्हणून त्यांनी फार सुरेख अर्ज केला, पण साहेबाचं नाव धाकट्या अक्षरात घातलं. साहेबाने अर्ज परत पाठवला. विहीर लांबली. बाया डोक्यावर हंडे घेऊन आतोबांच्या ओटीसमोरून मुद्दाम मोठ्याने बोलत जायच्या. आतोबा "खोताला खाली उतरवायला टाइम लागतो," एवढंच म्हणाले. शेवटी वडिलांनी दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतला, साहेबाचं नाव असं मोठं घातलं की निम्मं पान भरलं, आणि विहीर झाली. ह्या गोष्टीतून आतोबा सोडून सगळं गाव शहाणं झालं.

पण रागापेक्षा त्यांचं प्रेम जास्त अवघड होतं, आणि ते सगळं धाकट्या एलवर होतं. त्या वेळच्या पुष्कळ टाइपरायटरांवर एक ह्या आकड्याची कळच नसे. आकडे दोनापासून सुरू होत. एक हवा असला की धाकटा एल दाबायचा. कागदावर दिसायला दोन्ही सारखेच. सगळे टायपिस्ट असंच करत. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आतोबांना मात्र त्यात साक्षात धर्म दिसे. "बगा," नव्या पोराला ते पहिल्याच दिवशी सांगत, "हा धाकला एल. अक्षराचं काम करतो, आकड्याचं बी करतो. दोन कामं, कळ एकच. कदी बोलला का, मना वरची जागा द्या? ह्याच्यासारकं ऱ्हावा." मग आत घराकडे मान वळवून मोठ्याने म्हणत, "तुमची काकी म्हंजे एल हाय. लावनी करते, मिठागरावं जाते, बाजार करते, रांधते. नाव कुठं हाय काय तिचं?" हे त्यांच्या दृष्टीने जाहीर कौतुक. आत्या भाकरी थापताथापता आतून उत्तर देई, "आनि तुमी ती खालची लांब पट्टी. सगल्यांना लागते, पन छापत काय नाय." त्यावर ओटीवरचा क्लास काही वेळ बंद पडे.

त्यांची बोटं कधी गप्प नसत. जेवताना ताटाच्या काठावर, देवळात घंटेखाली, न्हाव्यापुढे बसल्यावर स्वतःच्या गुडघ्यावर, सगळीकडे टायपिंग चालू. समोरचा जे बोलेल ते ह्यांची बोटं मांडीवर उतरवून घेत. आमच्या शेजारच्या आजीच्या मयताला आतोबा भिंतीला टेकून बसले होते. सून सासूचे गुण आठवूनआठवून रडत होती, आणि रडण्याला जो वेग येतो तो आला होता. आतोबा डोळे मिटून मांडीवर बोटं चालवत होते. अचानक त्यांनी डोळे उघडले आणि हात वर करून म्हणाले, "बाय, जरा सावकास. तेरव्या गुनाच्या पुडचं सुटलं." सून दचकून थांबली, ती पुन्हा रडायचीच विसरली. त्यानंतर आत्या कुठेही दुखवट्याला जाताना त्यांचे दोन्ही हात आपल्या पदराखाली धरून बसे. लोकांना वाटे, केवढं प्रेम.

मशीन एक आणि शिकणारे डझनभर, त्यामुळे बाकीच्यांसाठी आतोबा सारवलेल्या ओटीवर खडूने कळा आखून देत. आम्ही पोरीपोरं जमिनीवर ओणवे होऊन ढोराच्या शेणावर इंग्रजी पत्रव्यवहार करत असू. शनिवारी आत्या ओटी सारवी आणि सगळी लिपी पुसून जाई. आतोबा रविवारी सकाळी निमूट पुन्हा आखत. नियम एकच: कळांकडे बघायचं नाही. नजर कागदावर, बोटं आपापल्या घरी. कुणी चोरून खाली पाहिलं तर डोळ्यांना फडकं बांधत. त्या फडक्याआड मी शिकले, आणि माझ्याच तोंडाने सांगते, सगळ्यांत चांगली शिकले. एक म्हटलं की माझं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मला न विचारता एलवर जाऊन पडे. आतोबा ते बघून खूश होत. "हिचं बोट झोपेत बी चुकनार नाय," असं ते आल्यागेल्याला सांगत. झोपेतही न चुकणारी गोष्ट माणसाला केवढ्याला पडू शकते, हे तेव्हा ना त्यांना माहीत होतं ना मला.

साठ सालानंतर आमच्याकडे कारखाने आले. मोजणीवाले आले, चुन्याच्या रेघा आल्या, भाताच्या खाचरात खांब उभे राहिले. जमिनी गेलेल्यांच्या मुलांना नोकऱ्या देऊ असं सगळ्यांनी सांगितलं, आणि दिल्याही. दगड फोडायच्या, खड्डे खणायच्या आणि रात्री स्वतःच्याच जुन्या शेतावर राखण करायच्या. अशात रबाळ्याच्या एका कंपनीने जाहीर केलं की आमच्याकडे पंचिंगचं काम निघतंय, टायपिंग येणाऱ्या मुली पाहिजेत. पंचिंग म्हणजे कामगारांची माहिती जाड कार्डांवर भोकं पाडून उतरवायची. ती कार्डं मुंबईला जात. तिथे कॉम्प्युटर नावाचा जावई थंड खोलीत बसलेला असे. तो काही बोलत नसे, त्याला घाम चालत नसे, आणि सगळी कंपनी त्याच्या मर्जीवर चाले. इकडे माझ्या वडिलांनी उरणकडचा एक मुलगा बघून ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता. पण मला त्याच्याशी तेव्हा लग्न करायचं नव्हतं. मला खुर्चीवर बसून काम करायचं होतं, माझ्या नावाने कुणी हाक मारावी असं वाटत होतं. वडील म्हणाले, "नोकरी लागली तर बोलनार नाय. नाय लागली तर माघात उडवून देऊ." एवढं सगळं त्या एका चाचणीवर होतं, आणि आतोबांना ते माझ्याइतकंच कळत होतं. कंपनीत जाण्याच्या दिवशी त्यांनी माझ्या बोटांना मशीनचं तेल लावलं. खोबरेल लावलं असतं तरी चाललं असतं, पण ते ऐकेनात.

आमच्या क्लासातल्या आम्ही चौघी गेलो. ट्रेनिंगचे साहेब मुंबईहून येत. टाय लावलेले, सभ्य, आणि 'मशीन कधी चुकत नाही' हे वाक्य दर पाच मिनिटांनी म्हणणारे. त्या पंचिंगच्या मशीनवर आकड्यांना वेगळी ओळ नव्हतीच. आकडे उजव्या हाताखालच्या अक्षरांच्या कळांवरच बसवलेले. एक होता यूच्या कळेवर, अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाखाली. आणि आमच्या एलच्या कळेवर होता सहा. बाकीचे आकडे आम्ही नव्याने शिकलो आणि ते बरोबर बसले. एक मात्र आम्हाला शिकावासा वाटलाच नाही, कारण तो येत होता. नजर कागदावर आणि बोटं आपापल्या घरी ठेवून आम्ही सगळ्यांत आधी काम संपवलं आणि बाकीच्यांकडे दयेने बघत बसलो. दोन दिवसांनी मुंबईहून यादी छापून आली. जिथे जिथे एक, तिथे तिथे सहा. एकवीस वर्षांचा वेल्डर सव्वीस वर्षांचा झाला होता, त्याची फिकीर नाही. पण एका मुलाच्या बापाला सहा मुलं झाली होती, आणि एका देवमाणूस फिटरच्या नावापुढे सहा बायका लागल्या होत्या. चौघींचं सारखंच. साहेबांनी यादी टेबलावर ठेवली, टाय सैल केला आणि विचारलं, "तुम्ही सगळ्या एकाच ठिकाणी शिकलात का?" आम्ही माना खाली घातल्या. साहेब भले होते. "पुढच्या महिन्यात परत चाचणी घेतो," म्हणाले, "पण तीच शेवटची. तोवर इथे सरावाला या, बोट बदला."

आतोबांनी हे ऐकलं आणि आधी चुलीपाशी जाऊन पाणी प्यायले. मग उपाय सुरू झाले. शिंगाळा नावाचा मासा असतो. त्याचा काटा लागला की हात रात्रभर ठणकतो. आतोबांनी दिवाळ्याहून असा काटा आणून, धुऊन, दोऱ्याने मशीनच्या एलवर बांधला. "दोनदा टोचला की बोट शानं होईल," म्हणाले. ज्या एलला त्यांनी जन्मभर फुलासारखं जपलं, त्याच्या डोक्यावर काटा बांधताना त्यांचा चेहरा मला बघवेना. बोट शहाणं झालं, पण जास्तच झालं. ते आता एकाला एलवर जाईना आणि सहा मारायचा असला तरीही जाईना. कंपनीत सरावाला बसले की सहा बायकांच्या जागी मोकळी जागा येऊ लागली. साहेब म्हणाले, "ही सुधारणा नाही. आता तो बिनलग्नाचा झाला."

शेवटी आतोबा स्वतः कंपनीत आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, सायकलच्या हँडलला साहेबांसाठी सुक्या कोलंबीची पुडी. माझी मान शरमेने खाली आणि आत कुठेतरी आशाही. त्यांनी साहेबांना नमस्कार केला आणि थेट विचारलं, "एका बायकोच्या सहा झाल्या, आनि तुमचं मशीन गप बसलं?"

"मशीन विचारत नाही. जे दिलं ते घेतं," साहेब म्हणाले.

"आमच्या गावातल्या येड्यानं बी विचारलं आसतं, पाच आल्या कुठून म्हनून."

"म्हणूनच त्याला नोकरी मिळत नाही," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. मग खुर्ची ओढून म्हणाले, "बसा ना. तुम्हीच मारून बघा. एवढ्या मुली तयार केल्यात, तुम्हाला जमेल."

आतोबा बसले. एक कुठे, दोन कुठे, सगळं त्यांनी नीट विचारून घेतलं, यूच्या कळेला बोट लावून मान डोलावली. मग ताठ बसले, नजर समोरच्या भिंतीवर, आणि स्वतःची माहिती मारली: वय एक्कावन्न, बायको एक, मशीन एक. काय ती गती, काय ती बोटं. हॉलमधल्या सगळ्या मुली हात थांबवून बघत होत्या. कार्ड खटकन बाहेर पडलं. त्या कार्डांच्या माथ्यावर, काय मारलं ते बारीक उमटतं; चाचणीच्या दिवशी आम्ही चौघींनी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. साहेबांनी ते वाचलं आणि आतोबांच्या हातात दिलं. वय छप्पन्न. बायका सहा. मशिनं सहा. आतोबांनी ते कार्ड जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मुली खुदखुदल्या. मला त्या मुलींना चावावंसं वाटलं.

परतीच्या रस्त्यावर ते सायकल हातात धरून चालत होते आणि मी बाजूने. हँडलवर त्यांची बोटं स्वस्थ होती, आणि त्यांची बोटं स्वस्थ मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "बाय, उद्यापासून ओटीवर येऊ नको. जेवायला ये, आत्याकडं ये. मशीनला हात लावायचा नाय."

मी म्हटलं, "आतोबा, मी सराव करीन. काटा काढा नि—"

"माझ्यासमोर बसलीस की बोट माझंच ऐकनार," ते म्हणाले. "माझं हात जलमाचं असं झालं. तुझं अजून नवं हाय. तू माझ्यापासून लांब ऱ्हा."

बाकीच्या तिघींच्या घरी ते आपणहून गेले. पोरगी कंपनीत घालायची असेल तर माझ्याकडे पाठवू नका, असं स्वतःच सांगून आले. ज्याच्या त्याच्या आईबापांना आधी वाटलं, म्हातारा रुसला, मग पटलं. दुसऱ्यांच्या पोरीही थांबल्या, पोरंही थांबली. त्या शनिवारी आत्याने ओटी सारवली आणि रविवारी आतोबांनी खडू हातात घेतला नाही. आत्याने दुपारपर्यंत वाट पाहिली, मग ती स्वतःच म्हणाली, "आखा की जरा काय. वटी मोकली मोकली वाटते." ते म्हणाले, "आसू दे. चालायला जागा झाली." त्या महिन्यात मी आत्याकडे मागच्या दाराने जायची. पुढच्या दाराशी मशीनवर ते टिकटिक करत असत, एकटेच, कुणाचा तरी अर्ज. मी आले हे त्यांना कळत असे, कारण टिकटिक थांबे आणि मी जाईपर्यंत सुरू होत नसे. आवाज ऐकूनसुद्धा माझं बोट बिघडेल, अशी त्यांना भीती वाटत होती. आत्या मला ताक देई. मी ताक घेऊन परत जाई आणि वाटेत रडून घेई.

दुसरी चाचणी झाली. यादी मुंबईहून आली. फिटरला एक बायको होती, वेल्डर एकवीस वर्षांचा होता, आणि साहेबांनी पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. तिघींपैकी दोघी लागल्या, एक राहिली आणि तिने पुढे शिवणाचं मशीन घेतलं. वडिलांनी उरणला निरोप धाडला की पोरगी कामाला लागली, थांबायचं तर थांबा. ते थांबले नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटलं असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

पेढे घेऊन मी त्या दिवशी पुढच्या दाराने गेले. आतोबा ओटीवर बसले होते. मी पाया पडले. त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. आपला तळहात माझ्यापुढे सपाट धरला आणि म्हणाले, "डोले मिट. एक मार बगू."

मी डोळे मिटले आणि मारला. पहिलं बोट पडलं. डोळे उघडले तर ते तळहाताकडे, जिथे बोट पडलं होतं तिथे बघत होते.

"अजून एकदा."

पुन्हा तेच बोट.

"इसरलीस," ते म्हणाले. "मी शिकवलेलं पार इसरलीस. लय चांगलं केलंस, बाय." त्यांचा आवाज फुटला होता आणि ते हसतही होते. ह्या माणसाने मला नोकरी मिळावी म्हणून स्वतःला माझ्या हातातून पुसून टाकायला लावलं होतं, आणि मी ते पुसलं होतं, आणि त्याबद्दल पेढे आणले होते. मी नुसती रडले. त्यांनी माझं करंगळीशेजारचं बोट आपल्या हातात घेतलं आणि आत्याने आतून चहाला हाक मारीपर्यंत सोडलं नाही.